मेल पाठवलाय, स्पॅममध्ये बघा

गेली पंधरा वर्षं मी फोनवर एक वाक्य बोलत आलोय. "नमस्कार, कडोलीहून बोलतोय. मेल पाठवलाय. इनबॉक्समध्ये दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा." आमच्या पोराला याचं हसू येतं. "पप्पा, मेल पाठवून परत फोनच करायचा, तर मेल कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. पण हे वाक्य मी हौसेनं शिकलो नाही. ते मला एका जानेवारीनं शिकवलं, आणि त्या जानेवारीच्या मागं निमंत्रणाच्या पत्रांचा बराच मोठा इतिहास आहे.

मी कडोलीचा. घरची शेती बटाट्याची, पण पोट भरलं टायपिंगवर. आधी बेळगावात एका छापखान्यात, नंतर गावातच एक संगणक, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्सचं यंत्र घेऊन. बेळगावच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. बाहेरची माणसं आम्हाला ओळखतात ती कडोली मराठी साहित्य संघ दरवर्षी हिवाळ्यात भरवतो त्या संमेलनामुळं. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन, आणि दिवसभर मांडवात शेतातनं आलेली माणसं. अशी संमेलनं येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, तिकडं निपाणीकडं कारदग्यालाही भरतात. त्यामुळं दिवाळी सरली की आमच्या भागातनं पुण्या-मुंबईकडं, कोल्हापूर-सांगलीकडं निमंत्रणं निघायला लागतात. बटाटा निघतो तशी. आणि बटाट्यासारखंच, माल गाडीत भरला म्हणजे काम संपलं असं होत नाही. तिकडं उतरला की नाही, हे कळावं लागतं. त्यालाच आपण पोच म्हणतो.

पोच हा शब्द पोस्टाच्याही आधीचा असणार. लग्नाची पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढं ठेवायची, मग भाऊबंदांत अक्षता घेऊन जायचं. माणसानं माणसाच्या हातात दिलेलं निमंत्रण. तिथं पोच म्हणजे समोर आलेला पाण्याचा तांब्या. टपाल आल्यावर हीच रीत कागदावर गेली. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं. दुखवट्याच्या कार्डाचा कोपरा फाडायचा. असलं कार्ड आजी घरात येऊ द्यायची नाही. कट्ट्यावरच वाचायचं आणि तिथंच फाडायचं. पत्र कसलं आहे ते मजकूर वाचायच्या आधी त्याच्या अंगावरच कळायचं. आज मेलच्या हेडरमधनं, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या नोंदींतनं, यंत्र जे हुडकतं, ते आजी कार्डाच्या कोपऱ्यावरनं हुडकायची.

संस्थांची निमंत्रणं जायची बुक पोस्टानं. माझ्या उमेदवारीच्या काळात छापखान्यातलं माझं पहिलं काम हेच होतं. छापील पत्रिका पाकिटात सरकवायची, पण पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं. तिकीट कमी लागायचं, अट इतकीच की पोस्टाला आत डोकावून बघता आलं पाहिजे. छापील कागदाच्या आडून कुणी घरगुती पत्र घुसवलं आणि ते सापडलं, की सवलत गेली. कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याच्या माथी. असं नॉटपेड पत्र घेऊन पोस्टमन दारात उभा राहिला की घरात आधी चर्चा व्हायची, पैसे भरून घ्यायचं की परत पाठवायचं. गाळणी होती, पण ती दारात उभी राहून विचारायची.

पत्ता चुकला, तरी पत्राचं काय झालं ते कळायचं. "पत्ता अपुरा", "घर बंद", "गाव सोडून गेले" असा शेरा मारून ते परत यायचं. पाठवणाऱ्याचाही पत्ता बाहेर नसला, तर ते रिटर्न्ड लेटर ऑफिसात जायचं. तिथल्या माणसाला पाकीट फोडायची परवानगी, ती कशासाठी, तर पाठवणारा कोण हे शोधायला. ज्याला खात्री हवी त्यानं रजिस्टर करावं, सोबत एडी कार्ड जोडावं. समोरच्याची सही घेऊन ते कार्ड परत आपल्या दारात. पोस्टात पत्रं गहाळ होत नव्हती असं मी म्हणणार नाही. लग्न होऊन पाचपरतावणं झाल्यावर पोचलेल्या पत्रिका मी बघितल्यात. पण हरवलेल्या पत्राला शोधणारं एक खातं होतं आणि त्या खात्याला एक दार होतं, जिथं जाऊन भांडता यायचं.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांच्या त्या वृत्तात महाराष्ट्राच्या वाट्याला पहिला आकडा आला ४ आणि कर्नाटकाच्या वाट्याला ५. कडोलीचा पत्ता पाचानं सुरू होतो, पलीकडं चंदगडचा चारानं. मधे सोयरिकी आहेत, बोली एक आहे, पण आकडा दुसरा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत नकाशावर जे ठरलं, ते सोळा वर्षांनी आमच्या पत्त्यातल्या पहिल्या घरात येऊन बसलं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तरीही पिनकोडानं एक काम चोख केलं. पाकिटावर मजकूर मराठीत असो की कानडीत, ते आकड्यावरनं कडोलीत यायचं, आणि आल्यावर आमचा पोस्टमन दोन्ही लिप्या वाचायचा.

न विचारता ठरलेल्या गोष्टीला संगणकाच्या भाषेत 'डिफॉल्ट' म्हणतात. आमच्या शेजारच्या गावात एक निवृत्त गुरुजी होते, तिथल्या मंडळाचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडं. डिफॉल्ट म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच मराठी करून टाकलं. "ठरीव म्हण की." पुढं आम्ही दोघं तोच शब्द वापरत गेलो. मी इथंही तोच वापरतो.

मेल आमच्याकडं आला तो २००० च्या आसपास. त्या वर्षी बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, य. दि. फडके अध्यक्ष. १९२९ आणि १९४६ नंतर बेळगावात ते पुन्हा आलं होतं. छापखान्यात कामाला श्वास नव्हता. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, अशी मराठीची वेगवेगळी दुकानं तेव्हा संगणकात मांडलेली असायची आणि प्रत्येकाची अक्षरांची घरं निराळी. पडद्यावर 'निमंत्रण' दिसायचं, पण त्याच्या पोटात असायची रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. समोरच्याकडं तोच फॉन्ट असला तर निमंत्रण, नसला तर कचरा. छापायला हे चालायचं, कारण कागदावर एकदा शाई बसली की फॉन्टचं काम संपलं. पाठवायला मात्र चालायचं नाही.

मग आम्ही एक युक्ती काढली. पत्रिका छापायची, स्कॅन करायची आणि चित्र म्हणून मेलला लावायची. लिपी वाचली. चार-पाच वर्षं बरी गेली. पण २००६ च्या सुमारास स्पॅम पाठवणाऱ्यांनाही तीच युक्ती सुचली. शेअरचा आणि गोळ्या-औषधांचा मजकूर मेलच्या गाळण्यांना वाचता येऊ नये म्हणून ते तो चित्रात घालून पाठवायला लागले. लगेच गाळण्यांनी नियम केला की चित्र मोठं आणि मजकूर दोन ओळींचा असला तर संशय धरायचा. आम्ही लिपी वाचवायला जे केलं, तेच चोरांनी पकड चुकवायला केलं. बाहेरनं बघणाऱ्याला दोघांचं पाकीट सारखंच.

युनिकोड तोवर येऊन पडला होता, फक्त झोपलेला होता. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, आणि विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट संगणकाबरोबरच यायला लागला. पण विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय ठरीव बंद. कंट्रोल पॅनेलात जायचं, प्रादेशिक भाषांची खिडकी उघडायची, तिथं गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी एक चौकोन असायचा, त्यावर टिचकी मारायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा. सीडी कुणाकडं असायची? ज्यानं संगणक जोडून दिला त्याच्याकडं, आणि तो कधी फोन उचलायचा नाही. त्या एका चौकोनापायी या भागातल्या किती संगणकांना मराठी 'येत नव्हती', याची मोजदाद कुणी केली नसेल. मी स्वतः सीडी खिशात घालून गावोगाव फिरलोय.

टाइप करायला मला फुकटात मिळालेलं पहिलं चांगलं साधन म्हणजे 'बरह'. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी ते १९९८ मध्ये कानडीसाठी केलं. बरह म्हणजे कानडीत लेखन. पुढं त्यात देवनागरीही आली. सीमाभागातल्या मराठी साहित्याची कितीतरी निमंत्रणं मी कानडी माणसानं केलेल्या साधनावर टाइप केलीत. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले आणि म्हणाले, "हे स्टेजवर सांगू नको. नाहीतर सांगच."

आता मेलच्या पोटात बघू. मेलचे मूळ नियम अमेरिकेत ठरले आणि ते फक्त इंग्रजी अक्षरांपुरते होते. सात बिटांत मावेल तेवढंच तारेवरनं जायचं. १९९२ मध्ये नेथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत आणली. तिच्यामुळं चित्रं, आवाज आणि बाकीच्या जगाच्या लिप्या मेलमधनं जायला लागल्या. पण रस्ता तोच अरुंद होता, म्हणून आपलं अक्षर आधी रोमन वेशात घालावं लागायचं. त्यातली एक पद्धत बेस-सिक्स्टीफोर. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं. बेस-सिक्स्टीफोर तीन बाइटांचे चार रोमन वर्ण करतं. हिशेब बरोबर बसतो. 'क' चं होतं चार-के-एस-व्ही. 'ड' चं चार-के-एस-एच. काना-मात्रा वेगळी मोजली जाते. 'कडोली' म्हणजे क, ड, ओकार, ल, ईकार अशी पाच घरं, म्हणजे वीस वर्णांची एक आगगाडी, आणि तिचा प्रत्येक डबा 'चार-के' नं सुरू. एखाद्या मराठी मेलचा कच्चा मजकूर उघडून बघा, जागोजागी चार-के, चार-के दिसतील. सवयीनं मी ते बघूनच सांगू शकतो की आत मराठी किंवा हिंदी आहे.

गाळणीला मात्र हा वेश वाटायचा. कारण स्पॅमवालेही आपला मजकूर असाच गुंडाळून पाठवायचे. 'मजकूर बेस-सिक्स्टीफोरमध्ये लपवला आहे' असा एक नियमच गाळण्यांत होता. पुढं तो सुधारला. ज्या मजकुराला गुंडाळायची गरजच नाही असा इंग्रजी मजकूर गुंडाळलेला असेल तरच संशय, असं झालं. पण सुरुवातीला मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामला जी रीतभात वाटायची, ती गाळणीला लबाडी वाटायची. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक.

गाळणी म्हणतोय ती कसली, तेही सांगायला पाहिजे. २००१ मध्ये जस्टिन मेसन नावाच्या आयरिश माणसानं 'स्पॅमअसॅसिन' बाहेर काढलं. फुकट, कुणीही वापरावं असं. त्यामुळं जगभरच्या लहान-मोठ्या सर्व्हरांवर ते बसलं. पद्धत शाळेसारखी. शेकडो नियम, प्रत्येकाला काही गुण. विषयाची ओळ सगळी कॅपिटल अक्षरांत असली तर इतके, घेणाऱ्याचं नाव दिसत नसलं तर इतके. बेरीज ठरीव ५ च्या वर गेली की तो स्पॅम. आम्ही पस्तीस गुणांनी पास होणारी माणसं. इथं उलटं होतं, पास झाला तो बाद.

गाळणी नको होती असंही नाही. तिच्याशिवाय माझं दुकान चाललंच नसतं. सकाळी मेल उघडला की लॉटरी, आफ्रिकेतला मेलेला जनरल, त्याची विधवा आणि तिचे कोट्यवधी डॉलर. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातली मॅककोलो नावाची एक होस्टिंग कंपनी इंटरनेटवरनं तोडली, तर जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. एका कंपनीच्या मशिनींमागं इतका कचरा होता. काही महिन्यांत तो परत भरला. अशा पुरात चाळण लागतेच. फक्त चाळणीची भोकं कुणाच्या धान्याला मापून पाडलीत, हे चाळणाऱ्याला माहीत असायला पाहिजे.

आता ती जानेवारी. साल २०१०. गुरुजींच्या मंडळाचा कार्यक्रम महिन्याच्या शेवटच्या रविवारी. पाहुणे चार, त्यांतले पुण्याचे एक समीक्षक उद्घाटक. गुरुजींनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. एका पाहुण्याला दुसऱ्याचं नाव आधी कळू नये, मानपानाचा प्रश्न असतो, म्हणून चारही पत्ते मी बीसीसीमध्ये घातले. विषयाची ओळ देवनागरीत लिहिली की काहींच्याकडं चौकोन दिसायचे, म्हणून ती रोमनमध्ये लिहिली, आणि आग्रहाचं निमंत्रण आहे म्हणून सगळी कॅपिटल अक्षरांत. आमच्या परीनं कोपऱ्याला हळद-कुंकूच लावलं म्हणा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेल गेला.

तिघांचं उत्तर आलं. पुण्याचं आलं नाही. चौथ्या दिवशी गुरुजी सायकल लावून दुकानात.

"काय रे, पत्र गेलं म्हणूलास ना?"

"गेलंय की गुरुजी. हे बघा, सेंटमध्ये आहे."

"तुझ्याकडनं गेलं. त्यांच्यात पोचलं काय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी परत म्हणालो, "सेंट दाखवतंय."

"सेंट म्हणजे पाठवलं. पोचलं नव्हे."

पन्नास वर्षं एडी कार्डं सांभाळलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. मी मनात म्हणालो, म्हातारं माणूस, मेल कळत नाही. खरं तर त्या खोलीत मेल त्यांनाच कळला होता.

आठव्या दिवशी मंडळाची बैठक झाली. पुण्याच्या सरांना खेड्यातलं निमंत्रण नको असणार, साधं नाही म्हणायचीही तसदी घेतली नाही, असं बरंच बोलणं झालं. गुरुजीही बोलले. कोल्हापूरच्या एका कथाकारांना विचारलं, ते तयार झाले. आणि दहाव्या दिवशी दुसऱ्याच कामात त्या सरांची आणि आमच्याकडच्या एका प्राध्यापकांची फोनवर गाठ पडली. सर म्हणाले, "कसलं निमंत्रण? मला काही आलेलं नाही."

सर ज्या संस्थेत होते तिथल्या संगणक बघणाऱ्या पोरानं सर्व्हरवर शोधलं. सापडलं. स्पॅम नावाच्या पेटीत, न उघडलेलं. त्यानं सगळं हेडर मला पाठवलं आणि माझ्या पत्राची गुणपत्रिका मी पहिल्यांदा बघितली. बेरीज पाचाच्या थोडी वर. कॅपिटल अक्षरांचे गुण होते. घेणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्याचे होते. आणि सगळ्यांत जास्त, तीनच्या वर, एका विचित्र नियमाचे होते. पत्राची तारीख फार पुढची आहे, म्हणे. तारीख होती जानेवारी २०१०, जी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्येही होती.

ही भानगड पुढं वाचून कळली, आणि ती जगभर झाली होती. स्पॅमवाले पूर्वी मेलवर भविष्यातली तारीख घालायचे, म्हणजे यादीत तो सगळ्यांत वर दिसावा. म्हणून स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम लिहिला होता. वर्ष २०१० ते २०९९ मधलं असेल तर तारीख भविष्यातली समजा. लिहिणाऱ्याला २०१० लांब वाटलं असणार. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगातला प्रत्येक खरा मेल भविष्यातला ठरला. दुरुस्ती कामाच्या प्रतीत आधीच झाली होती, ती वाटपाच्या प्रतीत आलीच नव्हती. त्याच दिवशी ती वाटलीही. पण ज्याच्या सर्व्हरवर नियम आपोआप ताजे होत नव्हते, तिथं जुनाच नियम गुण मोजत बसला. इंग्रजीतल्या साध्या पत्राला तीन गुणांनी काही होत नव्हतं, ते पाचाच्या खालीच राहायचं. आमच्या पत्रावर आधीच दोन गुणांचा मानपान चढला होता.

इथवर चूक गाळणीची. पण पत्र सरांना दिसलं का नाही, याचं उत्तर दुसरीकडं आहे. स्पॅमअसॅसिन स्वतः काहीच फेकत नाही. ते पत्रावर खूण करतं आणि पुढं सोडतं. निर्णय मेल वाचायच्या प्रोग्रामनं किंवा माणसानं घ्यावा, अशी करणाऱ्यांची कल्पना. मधे होस्टिंगवाल्यांनी सोय म्हणून सर्व्हरवर वेगळी पेटी ठेवली. खूण दिसली की पत्र तिकडं. ती पेटी ग्राहक अधूनमधून बघेलच, हे त्यांनी धरलेलं.

सरांच्या टेबलावरचा प्रोग्राम ठरीव पद्धतीनं 'पॉप'वर लावलेला. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. नाव पोस्टाचं, पण या पोस्टाला खिडकी एकच माहीत, इनबॉक्सची. दुसरी पेटी असू शकते हे त्याच्या नियमांतच नाही. त्यालाही कारण आहे. तो घडला डायलअपच्या काळात, जेव्हा फोनचं मीटर मिनिटाला पळायचं. जोडा, पत्रं उचला, तोडा. बेळगावात आम्हीही तसंच करायचो, एका हातात माउस, डोळे घड्याळावर. सर्व्हरवरच्या सगळ्या पेट्या दाखवणारी 'आयमॅप' पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्येच मांडली होती, पण ती जोडणी चालू ठेवायला सांगायची, आणि चालू ठेवणं परवडायचं नाही.

म्हणजे गाळणी म्हणत होती, मी बाजूला ठेवलंय, तो बघेल. प्रोग्राम म्हणत होता, समोर आहे तेवढं मी आणलं. दोघांनीही नेमून दिलेलं काम चोख केलं, आणि आमचं पत्र दोघांच्या मधल्या बोळात पडून राहिलं. महिनाभर तसंच पडलं असतं तर पुष्कळ ठिकाणच्या ठरीव नियमाप्रमाणं तीस दिवसांनी आपोआप पुसलंही गेलं असतं. ना शेरा, ना परतीचा शिक्का.

परत का येत नाही, हे मी बरीच वर्षं विचारत होतो. संशयित मेलही पूर्वी परत यायचे. पण स्पॅमवाले पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालायला लागले, कुणाचाही, तुमचा-माझा. सर्व्हर ते पत्र इमानानं परत करायचा आणि ज्यानं कधी काही पाठवलंच नाही अशा माणसाच्या डोक्यावर परतीच्या पत्रांचा पाऊस पडायचा. मग बहुतेकांनी ठरवलं की संशयित पत्र परत करायचं नाही, गुपचूप बाजूला ठेवायचं. कारण योग्यच होतं. पण त्या दिवशी मेलमधनं पोच गेली, आणि ती गेल्याचंही कुणी कळवलं नाही.

कार्यक्रम चांगला झाला. कोल्हापूरच्या कथाकारांनी मांडव हसवला. पुण्याच्या सरांनी दुसरीकडं शब्द दिला होता, ते येऊ शकले नाहीत. मी गुरुजींना सगळं समजावलं, कागदावर दोन पेट्या काढून दाखवल्या. त्यांना ते पटलं. पण बैठकीत बोललेले शब्द परत घेता येत नाहीत. दोन वर्षं त्या सरांचं नाव निघालं की गुरुजी विषय बदलायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी सरांना निमंत्रण दिलं, स्वतःच्या अक्षरात, रजिस्टर, एडी लावून. सर आले. हे मी पोस्टाचं कौतुक म्हणून सांगत नाही. गुरुजींना त्या कार्डावर त्यांची सही हवी होती, एवढंच.

आता ती भांडणं बरीच मिटलीत. देवनागरी विषयाची ओळ सरळ जाते, एक्सपीचा चौकोन इतिहासजमा झाला, पॉप फार थोड्यांच्याकडं राहिलंय, निमंत्रणं तर बहुतेक व्हॉट्सॲपवरच जातात आणि तिथल्या निळ्या खुणा गुरुजींना आवडल्या असत्या. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तरी संस्थांची, विद्यापीठांची, वर्तमानपत्रांची कामं मेलवरच आहेत, आणि गाळण्या अजून गप्प बसूनच बाजूला ठेवतात. नियम आता बहुतेक ठिकाणी माणूस लिहीत नाही, यंत्र स्वतः शिकतं. त्यामुळं गुणपत्रिका मागायचीही सोय उरलेली नाही.

म्हणून मी मेल पाठवला की फोन करतो. कॅपिटल अक्षरं नाहीत, बीसीसी नाही, प्रत्येकाला वेगळं पत्र, आणि मागोमाग फोन. आमच्या भागातल्या मंडळांच्या पोरांनाही मी तेच लावून दिलंय. अक्षता घेऊन दारात जायची जी रीत होती, तिचा हा उरलेला तुकडा समजा.

परवा दुकान बंद करताना निपाणीकडच्या एका मंडळाच्या पोराचा फोन आला. "काका, कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर मेल केलाय. नसला तर स्पॅममध्ये बघा." मी आधी सवयीनं स्पॅममध्येच बघितलं. तिथं नव्हता, इनबॉक्समध्ये वरच होता. आता फोन कशाला, असं क्षणभर वाटलं. आमचा पोरगा समोर बसून माझ्याकडं बघत होता. मी नंबर लावला.

"पोचलं रे," म्हणालो, आणि शटर ओढलं.